अर्धे सुभाषित : चिकाटीविषयीची मराठी व अभिजात चिनी वचने आणि त्यांचे सुटलेले संदर्भ

प्रस्तावना

शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर, वाचनालयांच्या दर्शनी भागात आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत रंगविलेल्या सुविचारांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील बहुसंख्य वचने एकाच गुणाविषयी असतात, आणि तो गुण म्हणजे चिकाटी. प्रयत्न सोडू नये, सातत्य ठेवावे, अपयशाने खचू नये, हा त्यांचा आशय. या वचनांत संतांचे अभंग असतात, पंडित कवींचे श्लोक असतात, लोकजीवनातील म्हणी असतात. आणि अलीकडे ‘चिनी म्हण’ अशी ओळख देऊन हजार कोसांच्या प्रवासाचे किंवा पाण्याच्या थेंबाने झिजणाऱ्या दगडाचे वचनही त्यांत येऊन बसते.

ही वचने मुळात जेथे आली तेथे ती कोणत्या वाक्याचा भाग होती, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. या शोधातून असे दिसून येते की, चिकाटीची म्हणून प्रसिद्ध असलेली अनेक वचने ही अर्धी वचने आहेत. त्यांचा जो भाग गळाला, त्यात बहुधा प्रयत्नाची मर्यादा, प्रयत्नाची मात्रा किंवा प्रयत्नाला लागणारा आधार सांगितलेला होता. मराठी आणि अभिजात चिनी या दोन दूरस्थ परंपरांत ही प्रक्रिया विलक्षण सारखेपणाने घडली आहे. चिनी संहितांचे येथील वाचन अनुवादांवर आधारलेले आहे, हे आरंभीच नमूद करावयास हवे.

वाळू, तेल आणि गळालेला चरण

चिकाटीचे मराठीतील सर्वांत परिचित वचन म्हणजे वाळूचे कण रगडून तेल गाळण्याचे. ते आज म्हणीसारखे वापरले जात असले तरी मुळात ती म्हण नाही. भर्तृहरीच्या नावावर असलेल्या नीतिशतकातील एका श्लोकाचा वामन पंडितांनी सतराव्या शतकात जो मराठी अनुवाद केला, त्याचा तो पहिला चरण आहे. संस्कृत श्लोक पृथ्वी वृत्तातला. वामन पंडितांनी तो शिखरिणीत आणला, आणि या वृत्ताच्या ठसक्यामुळेच तो चरण मराठी माणसाच्या जिभेवर कायमचा बसला.

या श्लोकाला चार चरण आहेत. पहिल्यात वाळूतून तेल निघेल, दुसऱ्यात मृगजळाने तहान भागेल, तिसऱ्यात रानोमाळ हिंडताना सशाचे शिंगही सापडेल असे म्हटले आहे. या तिन्ही गोष्टी भारतीय तर्कपरंपरेत अशक्यतेची ठरीव उदाहरणे आहेत. तिसऱ्या चरणाच्या अखेरीस ‘जरी’ येतो, चौथ्याच्या प्रारंभी ‘परंतु’ येतो, आणि मग श्लोकाचे खरे विधान समोर येते : एक वेळ हे सारे घडेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळविता येणार नाही. प्रचलित पाठांत हा श्लोक ‘मूर्खपद्धती’त येतो, हेही येथे सूचक आहे.

म्हणजे ज्या चरणाला आपण प्रयत्नवादाचा जयघोष मानतो, तो मुळात प्रयत्न कोठे थांबवावा हे सांगणाऱ्या श्लोकाची केवळ पूर्वपीठिका आहे. वाळूतून तेल निघत नाही हे कवीला आणि त्याच्या श्रोत्याला ठाऊक आहे. त्या जाणिवेवरच श्लोकातील उपरोध उभा आहे. आपण ‘जरी’ आणि ‘परंतु’ दोन्ही गाळले आणि उपरोधाचे आश्वासन केले.

१९४८ साली दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हस्तलिखितागणिक श्लोकांची संख्या व क्रम किती बदलतात, हे तिच्यातून स्पष्ट झाले. शतकांची रचना इतकी सैल असली तरी सुटा श्लोक मात्र घट्ट बांधलेला असतो. मुक्तक हे स्वयंपूर्ण असते असे आपले साहित्यशास्त्र मानते. प्रबंधातून मुक्तक उचलण्यास त्यामुळे हरकत नाही. पण मुक्तकाचाच एक चतुर्थांश उचलला की ते स्वयंपूर्ण राहत नाही.

‘अभ्यास’ या शब्दाचा प्रवास

असाध्य गोष्ट सायासाने साध्य होते आणि त्याचे कारण अभ्यास, अशा आशयाचा तुकोबांचा चरण महाराष्ट्रातील कोणत्या वर्गखोलीत नसेल? मात्र त्याच्या आधीचे चरण भिंतीवर क्वचितच येतात. त्यांत दोन दृष्टांत आहेत. काही माणसे बचनागासारखे जहाल विष तोळ्याच्या मापाने खातात, इतरांना ते डोळ्यांनी पाहवतही नाही. काही जण साप हातात धरतात, इतरांना तो पाहूनच कापरे भरते. या दोन दृष्टांतांनंतर सायास आणि अभ्यास हे शब्द येतात.

विष पचविणारा माणूस पहिल्या दिवशी तोळाभर विष खात नाही. खाल्ले तर दुसरा दिवस उगवत नाही. अभ्यास म्हणजे येथे मात्रेचे ज्ञान : किती, केव्हा, कोणत्या क्रमाने. साप धरणाऱ्याजवळही नुसते धाडस नसते. सापाच्या स्वभावाची माहिती असते. दृष्टांत गळाले की हे मात्रेचे भान गळते आणि उरतो केवळ जोर.

येथे एक भाषिक घसरणही झाली आहे. जुन्या मराठीत ‘अभ्यास’ म्हणजे पुनःपुन्हा करून अंगवळणी पाडणे, सवयीने साधणे. आजच्या मराठीत अभ्यास म्हणजे मुख्यतः पुस्तकी अध्ययन. त्यामुळे तोच चरण वर्गात लावला की ‘पुष्कळ वाचा म्हणजे काहीही जमेल’ असा त्याचा अर्थ विद्यार्थी घेतो. शब्द तोच राहिला आणि विधान बदलले.

तुकोबांच्या दुसऱ्या एका अभंगात ही मात्रेची कल्पना अधिक विस्ताराने येते. ओलसर मूळ खडकात शिरून तो भेदते. दोराच्या घासणीने चिरा कापला जातो. सवयीने विषही पचनी पडते. वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या विहिरीच्या काठावरील दगडावर दोराचे काचे पाहिलेल्या माणसाला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. अभंगाचा शेवट मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो. आईच्या उदरात मुलाला एकाएकी कोठे जागा असते, असा प्रश्न तुकोबा करतात. ती जागा हळूहळू होते, आणि ती करून देणारे शरीर दुसऱ्याचे असते. चिकाटीच्या अभंगाचा शेवट असा दुसऱ्याने दिलेल्या अवकाशात व्हावा, ही बाब भिंतीवरील सुविचारात मावत नाही.

या दृष्टांतांचे मूळ ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायातील नवव्या श्लोकावर भाष्य करताना ज्ञानदेव अभ्यासाचे सामर्थ्य सांगतात. अभ्यासाने वाघ आणि साप वश होतात, विष आहार बनते, समुद्रावर पायवाट होते, असे ते म्हणतात. एवढाच भाग घेतला तर ज्ञानदेव निखळ प्रयत्नवादी ठरतील. पण त्याच्या आधीच्या ओव्यांत आठ प्रहरांतील केवळ एक निमिष मागितले आहे; आणि पौर्णिमेनंतर चंद्रबिंब दिवसेंदिवस कमी होत अमावास्येला दिसेनासे व्हावे, तसे चित्त विषयांतून निघत जावे, असा दृष्टांत दिला आहे. येथे अभ्यास म्हणजे साठवीत जाणे नसून हळूहळू सोडीत जाणे आहे. गीतेने सहाव्या अध्यायात अभ्यासाची जोडी वैराग्याशी घातली आहे, पतंजलीनेही तीच जोडी दिली आहे. त्या जोडीचे स्मरण येथे होते.

अभ्यासाचे सामर्थ्य सांगून झाल्यावर, गीतेतील दहाव्या श्लोकाला अनुसरून, ज्ञानदेवांचा श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो की, अभ्यासाचेही बळ तुझ्या अंगी नसेल तर तू जेथे आहेस तेथेच राहा. आणि तेथून पुढची सोपी वाट तो दाखवितो. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी एक पायरी खाली येण्याची ही तयारी अभ्यासाच्या गौरवानंतर लगेच येते. बाराव्या अध्यायाची रचनाच अशा उतरत्या पायऱ्यांची आहे. अभ्यासाची ओवी या पायऱ्यांतून काढून घेतली म्हणजे करुणा मागे राहते आणि आज्ञा हाती येते.

चिनी परंपरेतील समांतर उदाहरणे

अभिजात चिनी वाङ्मयातील चिकाटीची वचनेही याच वाटेने गेली आहेत. हजार कोसांचा प्रवास पायाखालच्या जमिनीपासून सुरू होतो, हे जगभर उद्धृत होणारे वचन ‘ताओ ते चिंग’च्या चौसष्टाव्या प्रकरणातील आहे. (मूळ ‘ली’ हे माप कोसापेक्षा बरेच लहान आहे.) त्या वचनानंतर लगेच असे म्हटले आहे की, जो हस्तक्षेप करतो तो बिघडवतो आणि जो घट्ट धरतो तो गमावतो. प्रवासाचे वचन तेथे उद्योगाचा उपदेश म्हणून आलेले नाही. संकट लहान असतानाच ओळखावे, वस्तूंच्या स्वाभाविक वाढीत ढवळाढवळ करू नये, असे त्या प्रकरणाचे सांगणे आहे. सर्वांत मोठे निष्क्रियतावादी शास्त्र सर्वांत लोकप्रिय प्रयत्नवादी सुविचाराचे उगमस्थान ठरावे, हा योगायोग बोलका आहे.

पाण्याचा थेंब आणि दगड यांची कथा तर याहून अनपेक्षित आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेई शंग या हान काळातील लेखकाने वूच्या राजाला बंडापासून परावृत्त करण्यासाठी पत्र लिहिले. त्यात पाण्याने झिजणारा दगड आणि विहिरीच्या दोराने कापले जाणारे लाकूड हे दृष्टांत आहेत. अनर्थ थेंबाथेंबाने साचतो, असा तो इशारा होता. सुंग काळात झांग योंग या अधिकाऱ्याने हेच दृष्टांत वापरल्याची आख्यायिका आहे. कोठाराच्या कारकुनाजवळ चोरलेले एक नाणे सापडले. त्याने उर्मटपणा केला तेव्हा झांग योंगने लिहिले की, रोज एक नाणे म्हणजे हजार दिवसांत हजार नाणी. दोराने लाकूड कापले जाते, थेंबाने दगड फुटतो. ते लिहून त्याने कारकुनाचा शिरच्छेद केला. ज्या वाक्याने आज विद्यार्थ्यांना धीर दिला जातो, ते या कथेत मृत्युदंडाचा निकाल आहे.

दोराने कापला जाणारा चिरा तुकोबांकडे आहे आणि दोराने कापले जाणारे लाकूड चीनमध्ये आहे. एकाने दुसऱ्याचे घेतले असे म्हणण्याचे कारण नाही. विहीर आणि दोर दोन्हीकडे होते. लक्षात घ्यावयाचे ते हे की, सातत्य स्वतः निरपेक्ष आहे. ते घडविते तसे झिजवितेही. कर्जाचे व्याजही थेंबाथेंबानेच वाढते.

पर्वत हलविणाऱ्या ‘मूर्ख म्हाताऱ्या’ची कथा ‘लिएत्से’ या ग्रंथात आहे. नव्वदीला आलेला युगोंग घरासमोरील दोन डोंगर खणू लागतो. शहाणा म्हणविणारा शेजारी त्याला हसतो, तेव्हा तो म्हणतो की, माझ्यामागे मुले आहेत, नातवंडे आहेत, डोंगर मात्र वाढणार नाही. या कथेत तीन गोष्टी सहसा विसरल्या जातात. पहिली, युगोंग एकटा नाही. घरचे त्याच्याबरोबर खणतात आणि शेजारच्या विधवेचा लहान मुलगाही धावत येतो. दुसरी, डोंगर शेवटी माणसांनी हलविलेले नाहीत. स्वर्गाधिपतीने पाठविलेल्या दोन बलाढ्य देवपुत्रांनी ते उचलून नेले. तिसरी, ग्रंथात याच कथेला लागून क्वाफूची कथा येते. आपली शक्ती न मोजता तो सूर्याचा पाठलाग करतो आणि तहानेने मरतो. दोन कथा शेजारी ठेवून ग्रंथकाराने जो प्रश्न उभा केला, तो एकट्या युगोंगाच्या कथेतून उभा राहत नाही. जून १९४५ मध्ये माओ त्से-तुंग यांनी आपल्या प्रसिद्ध भाषणात ही कथा सांगितली तेव्हा देवाच्या जागी जनतेला बसविले. त्यांनी कथेचा अर्थ बदलला खरा. पण डोंगर हलविण्यास दुसऱ्या कोणाचे तरी बळ लागते, हे कथेतील अंग त्यांनाही गाळता आले नाही.

शुन्त्झ या इ.स.पू. तिसऱ्या शतकातील विचारवंताचे विद्येचा आग्रह धरणारे प्रकरण हा चिकाटीच्या चिनी वचनांचा मोठाच साठा आहे. कोरणे न सोडल्यास धातू आणि दगडही कोरले जातात, हे वचन त्यातलेच. पण त्याच प्रकरणात तो म्हणतो की, सज्जन जन्मतः वेगळा नसतो, त्याला साधनांचा उपयोग करता येतो. घोडागाडी असणारा लांब जातो, नाव असणारा नदी ओलांडतो. तागाच्या शेतात उगवलेले वेडेवाकडे रोपटे आधाराशिवाय सरळ वाढते, असेही तो सांगतो. म्हणजे कोरणाऱ्या हाताइतकेच महत्त्व त्याने साधनाला आणि सभोवतालाला दिले आहे.

काव्यातील उदाहरण ताओ युआनमिंग याचे घेता येईल. इ.स. ४२७ मध्ये निवर्तलेल्या या कवीने समुद्र बुजविण्यासाठी काड्या वाहणाऱ्या जिंगवेई पक्ष्यावर आणि शिरच्छेदानंतरही लढत राहणाऱ्या शिंगत्येनवर कविता लिहिली. तिचा पूर्वार्ध दुर्दम्य इच्छाशक्तीचा आहे; अखेर मात्र, ज्या शुभ दिवसाची वाट पाहावी तो येणार कसा, अशा विषादावर होते. १९३५ च्या अखेरीस लिहिलेल्या एका लेखात लू शुन यांनी याच कवीचा दाखला देऊन उताऱ्यांच्या समीक्षेवर टीका केली. केवळ निवांत ओळी निवडून त्याला शांत कवी ठरविणाऱ्यांना त्यांनी या लढाऊ कवितेची आठवण करून दिली. आणि वेचलेली ओळ ही वस्त्रातून फाडून घेतलेल्या वेलबुट्टीसारखी असते, असा आशय मांडला. आपण भिंतीवर जे लावतो, ते या दृष्टीने पाहता फाटलेले भरतकाम होय.

उताऱ्याची बाजू

उताऱ्याला केवळ दोष देणे मात्र अन्यायाचे होईल, आणि ते आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात तर विशेषच. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील याच नगरात लावला आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा चौथ्या शतकातील राजा स्वतः कवी होता. त्याच्या ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञाने उल्लेख केला आहे. आज ते काव्य उपलब्ध नाही. नंतरच्या साहित्यशास्त्रीय ग्रंथांत उदाहरणादाखल आलेल्या सुट्या गाथा, एवढेच त्याचे अवशेष. या भूमीचा आद्य ज्ञात कवी केवळ उताऱ्यांतून जगला आहे. उतारे नसते तर तोही नसता.

यावरून असे म्हणता येईल की, उतारा वचनाला जिवंत ठेवतो. पण सर्वसेनाच्या बाबतीत मूळ हरपले म्हणून उताऱ्यावर समाधान मानावे लागते. तुकोबांची गाथा, ज्ञानेश्वरी, वामन पंडितांचे श्लोक तर आपल्या ग्रंथालयात उभे आहेत. तेथे पुढचा चरण न वाचण्यास सबब नाही.

लोकपरंपरेने गळालेला अर्धा भाग वेगळ्या रीतीने जपला, हेही ध्यानात घ्यावे. थेंबे थेंबे तळे साचण्याची म्हण मराठीत आहे, तशीच आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार ही म्हणही आहे. टाकीचे घाव सोसण्याची म्हण आहे, तशी अति तेथे माती हीही आहे. एक म्हण सांगते आणि दुसरी तिला सीमा घालते. चिनी परंपरेतही असेच आहे : रोपे लवकर वाढावीत म्हणून उपटून उंच करणारा मेन्सिअसच्या ग्रंथातील शेतकरी, किंवा दक्षिणेकडील राज्याला जाण्यासाठी उत्तरेकडे गाडी हाकणारा प्रवासी, ज्याचे घोडे जितके चांगले तितका तो अधिक दूर जातो. ज्याच्या तोंडी या सगळ्या म्हणी असतात तो प्रसंग पाहून म्हण निवडतो. भिंतीला मात्र प्रसंग नसतो. तिच्यावर एकच म्हण असते आणि ती सर्वांना, सर्व काळी, सारखीच सांगितली जाते.

समारोप

या विवेचनाला केवळ पाठशुद्धीचे प्रयोजन नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांचे विशेष पॅकेज विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले, त्यांत वाशीम होता. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांतही त्याचा समावेश झाला. मालेगाव परिसरातील कोरडवाहू शेतकरी पाऊस दडी मारतो तेव्हा दुबार पेरणी करतो. बियाणे पुन्हा आणतो, पुन्हा मातीत टाकतो. त्याच्याजवळ चिकाटी कमी आहे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? त्याच्या आडातच पाणी नाही. त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेचा तिसरा, चौथा प्रयत्न करीत असते. जागा थोड्या आणि उमेदवार फार असतात, तेथे बहुसंख्यांचे अपयश ही गणिताची गोष्ट आहे. भिंतीवरील अर्धे सुभाषित मात्र त्याला वेगळे सांगते : वाळूतूनही तेल निघते, तुझे निघाले नाही, म्हणजे तू पुरेसे रगडले नाहीस. चिकाटीचे वचन अर्धे झाले की अपयशाचा सारा भार एकट्या माणसाच्या खांद्यावर येतो.

पूर्ण वचने असे करीत नाहीत. भर्तृहरीचा श्लोक प्रयत्नाचे स्थळ पाहावयास सांगतो. तुकोबा मात्रा पाहावयास सांगतात. ज्ञानदेव, बळ नसेल तर आहेस तेथेच राहा असे सांगून सोपी वाट दाखवितात. शुन्त्झ साधन आणि सभोवताल विचारात घेतो, युगोंगाच्या कथेत शेजाऱ्याचे मूलही हातभार लावते. यांपैकी कोणीही आळसाचे समर्थन केलेले नाही. चिकाटी हा थोर गुण आहे, हे या सर्वांनाच मान्य आहे. म्हणूनच तो कोठे, किती आणि कोणाच्या आधाराने खर्च करावा, याची त्यांना काळजी आहे.

भाषा आणि साहित्य शिकविणाऱ्या अध्यापकाला यातून एक साधे काम करता येण्यासारखे आहे. सुविचार भिंतीवरून काढण्याची गरज नाही. तो वर्गात घेऊन त्याच्या पुढचा-मागचा चरण विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावा. मग ‘आणखी एकदा प्रयत्न करू का, सर?’ असे विचारीत एखादा विद्यार्थी दाराशी उभा राहील, तेव्हा त्याला वाळू आणि तेलाचे वचन ऐकविण्यापूर्वी आपण त्याला विचारू शकू की, घरी काय स्थिती आहे, दुसरी कोणती वाट दिसते आहे, आणि या प्रयत्नात तुझ्याबरोबर कोण आहे. त्याची उत्तरे ऐकून घेतल्यावर कदाचित ‘कर’ असेच सांगावे लागेल, कदाचित ‘आता थांब’ असेही सांगावे लागेल. दोन्ही उत्तरांना आपल्या परंपरेत आधार आहे.